ओळखीचा सूर

आपल्या शाळेच्या वार्षिकासाठीं माजी विद्यार्थी या नात्यानें कांहीं लिहून द्यावें, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हां काय लिहावें हा प्रश्न मला फार वेळ पडला नाहीं. पंचाऐंशी वर्षांच्या मनुष्यानें उपदेश करावा अशी सर्वांची अपेक्षा असते, आणि तो ऐकावा लागूं नये अशी व्यवस्थाहि सर्वांनीं करून ठेविलेली असते. म्हणून उपदेश न करितां एका अपराधाची हकीकत सांगण्याचें मीं ठरविलें आहे. अपराध माझा स्वतःचा आहे. तो मंगळवार पेठेंतील आमच्या जुन्या घरांत घडला, आणि त्याचा संबंध गाण्याशीं आहे.

मंगळवार पेठेंत ज्याचें बालपण गेलें, त्याला कुस्ती आणि नाटक हीं दोन व्यसनें कोणी निराळीं लावावीं लागत नाहींत. आमच्या घरापासून दहा मिनिटें चाललें कीं खासबागेचें कुस्तीचें मैदान लागतें, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून नाट्यगृहाची वास्तु आहे. राजर्षि शाहू छत्रपति १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठीं विलायतेस गेले होते. त्या प्रवासांत त्यांनीं युरोपांतील रंगमंदिरें आणि रोम शहरांतील प्राचीन क्रीडागार पाहिलें, व आपल्या राजधानींतहि असें कांहीं असावें असें त्यांच्या मनानें घेतलें. मैदान १९१२ सालीं पुरें झालें आणि 'पॅलेस थिएटर' १९१५ सालीं उभें राहिलें. पुढें त्याला याच गांवच्या केशवराव भोसल्यांचें नांव मिळालें.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असूं, केशवरावांचें नांव काढतांना आवाज खालीं आणीत. ९ ऑगस्ट १८९० रोजीं जन्मलेल्या या मुलानें वयाच्या अठराव्या वर्षाच्या आंतच, म्हणजे १९०८ सालीं, 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं 'मानापमान' नाटकाचा जो संयुक्त प्रयोग झाला, त्यांत बालगंधर्वांच्या भामिनीसमोर केशवराव धैर्यधर म्हणून उभे राहिले. आणि त्यानंतर तीन महिने लोटण्यापूर्वींच, एकतिसाव्या वर्षीं, ते वारले. आबा तेव्हां तेरा वर्षांचे होते. लहानपणीं एकदां त्यांनीं केशवरावांना शेवटच्या रांगेंत उभें राहून ऐकलें होतें. "त्या टिपेच्या सुरानें माझ्या छातीवर हात ठेवल्यासारखें झालें," असें ते सांगत. हें वाक्य मीं त्यांच्या तोंडून निदान शंभर वेळां ऐकलें असेल, आणि त्यांपैकीं नव्वद वेळां मला त्याचा कंटाळा आला होता.

आमच्या माजघरांत चावी देऊन चालणारा ग्रामोफोन होता. त्यावर आबा नाटकांतील पदांच्या तबकड्या लावीत. दुपारीं शाळेंतून घरीं आलों कीं बालगंधर्वांचा किंवा दीनानाथांचा आवाज दारांतच भेटे. सकाळीं शाळेच्या प्रार्थनेंत निराळें संगीत असे. प्रार्थनागृहांत पायानें भाता मारून वाजवावयाचा ऑर्गन होता. त्यावर परदेशी चालींचीं स्तोत्रें वाजत, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं मराठी भजनेंहि वाजत. तीं देशी चालींवर गाइलीं जात. एकाच ऑर्गनमधून, एकाच सकाळीं, दोन खंडांचीं गाणीं निघत, आणि आम्हां मुलांना त्यांत कांहीं विसंगत आहे असें कधीं वाटलें नाहीं. घरीं तबकडीवर बालगंधर्वांच्या साथीस जो ऑर्गन ऐकूं येई, तो आपल्याच प्रार्थनागृहांतला असावा अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

आज विचार केला तर वाटतें कीं, त्या काळचें कोल्हापूर हेंच एक मोठें प्रार्थनागृह होतें. अल्लादियाखांसाहेब हे जयपूर घराण्याचे आद्य गायक. त्यांना शाहू महाराजांनीं १८९५ च्या सुमारास दरबारीं ठेवून घेतलें. ज्या दरबारानें मल्लांना खुराक दिला व नाटक मंडळ्यांना आश्रय दिला, त्यानेंच हा अवघड गवई पोसला. १८८३ सालीं स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबांत ख्याल गाणारे, ऐकणारे आणि नाटकांतले लोक एका सतरंजीवर बसत. त्यांपैकीं गोविंदराव टेंबे यांच्याकडे पाहिलें म्हणजे सारें लक्षांत येतें. ते कोल्हापूरच्याच परिसरांतले. पेटीवरचा त्यांचा हात विख्यात होता. गुरुस्थानीं भास्करबुवा बखले, आणि मनांत अल्लादियाखांसाहेबांच्या गायकीचा ध्यास. १९११ सालच्या 'मानापमाना'ला चाली त्यांनींच दिल्या, आणि त्यांसाठीं उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्यांचा साज मराठी रंगभूमीवर आणिला. १९१६ सालच्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवांनीं चाली दिल्या. त्यांत कित्येक पदें ख्यालाच्या बंदिशींवरच बेतलेलीं होतीं. पुढें १९३२ सालीं कोल्हापुरांत प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला, तेव्हां त्याचें संगीत गोविंदरावांचें, आणि पडद्यावरचा हरिश्चंद्रहि तेच. मैफल, नाटक आणि बोलपट या तीन घरांत हा एक मनुष्य सहज वावरत होता.

गवयांची ही ये-जा ग्रंथांत नमूद आहे. ऐकणाऱ्यांची ये-जा कोणी लिहून ठेवीत नाहीं. ती मला ठाऊक आहे तेवढी सांगतों.

मी कॉलेजांत असतां एका मित्रानें मला ख्यालगायनाच्या बैठकीस नेलें. जयपूर घराण्याचे एक गायक गाणार होते. पहिला अर्धा तास मला त्या गाण्याचें तोंड कोणतें व शेपूट कोणतें, हें कळेना. शब्द ऐकूं येत नव्हते, आणि ऐकूं आले तरी कळत नव्हते. आबांच्या तबकडीवरचें पद तीन मिनिटांत आपलें सुखदुःख सांगून मोकळें होई. येथें गायक एकाच स्वराभोंवतीं फिरत होते. उठून जाण्याचें धैर्य नव्हतें म्हणून मी बसून राहिलों. त्यानंतर त्यांनीं यमन सुरू केला, आणि दोन-चार आवर्तनांनंतर एक अशी स्वरसंगति आली कीं मी ताठ झालों. ती मला ठाऊक होती! आबांच्या 'स्वयंवरां'तील तबकडीवर ती रोज दुपारीं वाजत असे. परमुलखांत वाट चुकलेल्या मनुष्यास आपल्या गल्लींतलें कोणी भेटावें, तसें मला झालें. त्या ओळखीच्या सुराचें बोट धरून मी तो सबंध यमन चाललों. जें पद तीन मिनिटांत संपत असे, त्याच्या मागें एवढें मोठें घर आहे, हें मला त्या रात्रीं समजलें.

येथवर माझी हकीकत कोणत्याहि रसिकाच्या हकीकतीसारखी आहे. अपराध यापुढें आहे.

ख्याल कळूं लागला तशी माझ्या अंगांत एक प्रकारची ताठ शिष्टता शिरली. आम्ही चार मित्र होतों. कोणत्या रागांत कोणता स्वर कसा लागतो यावर आम्ही रात्र रात्र वाद घालीत असूं, आणि ज्यांना असे वाद येत नाहींत त्यांची आम्हांला दया येई. नाटकाचीं पदें म्हणजे मुलांचा खाऊ, असें आमचें मत झालें. १९६१ सालच्या एका रविवारीं मित्र घरीं आले असतां आबांनीं हौसेनें 'स्वयंवरां'तील तीच तबकडी लाविली. मित्रांसमोर मला लाज वाटली. मी म्हणालों, "आबा, हें गाणें नव्हे. ही गाण्याची नक्कल आहे."

आबांनीं "बरं" एवढेंच म्हटलें व सुई उचलली. त्या दिवसानंतर मी घरांत असतांना तो ग्रामोफोन वाजला नाहीं. मी घरांतून बाहेर पडलों कीं वाजतो, असें आई म्हणे. पण तेंहि पुढें कमी झालें. मी क्षमा मागितली नाहीं. खरें सांगावयाचें तर, कांहीं अपराध घडला आहे असें मला वाटलेंच नाहीं. वडिलांची आवड सुधारली, असा माझा समज झाला!

आबा १९६८ सालीं गेले. दोन-तीन महिन्यांनीं मीं त्यांची तबकड्यांची पेटी उघडली. नाटकाच्या पदांखालीं अगदीं तळाशीं केसरबाई केरकरांची एक तबकडी होती. ती मीं आणलेली नव्हती. केसरबाई या अल्लादियाखांसाहेबांच्या शिष्या, आणि आमच्या चौघांच्या वादांत त्यांचें नांव नित्य निघे. तबकडीच्या कागदी पाकिटावर आबांच्या अक्षरांत पेन्सिलीनें तारीख घातलेली होती. ती त्या रविवारानंतर तीन आठवड्यांची होती. खालीं लिहिलें होतें, "तीन वेळां ऐकलें. कळलें नाहीं. चौथ्या वेळीं थोडें बरें वाटलें." त्यापुढें निरनिराळ्या शाईंत नुसते आंकडे होते: ५, ६, ७, ९, १२.

मुलाला ज्यांत एवढें सुख मिळतें तें काय आहे, हें पाहण्यासाठीं ते माझ्या मागून माझ्या वाटेनें निघाले होते, आणि त्यांनीं तें मला सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर मीं काय उत्तर दिलें असतें, तें त्यांना ठाऊक असावें.

यानंतरचीं पन्नासांहून अधिक वर्षें मी ओलांडतों. माझा नातू अभियांत्रिकीच्या कॉलेजांत जातो व आमच्याच घरीं राहतो. त्याला इंग्रजी रॉक संगीताचा नाद आहे. त्यांतहि 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणून जो प्रकार १९७० च्या आगेंमागें इंग्लंडांत भरभराटीस आला, त्याचा. वरच्या खोलींतून विजेच्या गिटारींचा व ढोलांचा गदारोळ उतरत असे. अनेक वेळां जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत जाऊन मी परत फिरलों आहें. कारण जें वाक्य तोंडांत येई तें मला ओळखीचें होतें. "हें गाणें नव्हे." १९६१ सालचें तेंच वाक्य, तेवढेच शब्द. बोललों नाहीं, हें खरें. पण मनांत म्हटलेलें मुलांना दारांतून ऐकूं जातें. "आजोबा, आवाज कमी करूं का?" असें तो वरून विचारी, आणि मी "कर" म्हणें.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. आम्ही सारे गच्चीवर उभे होतों. खासबागेच्या बाजूस आकाश तांबडें झालें होतें, आणि पेठेंतलीं माणसें रस्त्यावर येऊन न बोलतां तिकडे पाहत होतीं. छप्पर गेलें, रंगमंच गेला; दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. नातवानें हळूच विचारलें, "आजोबा, केशवराव कसे गात होते?" मला उत्तर देतां येईना. मीं त्यांना ऐकलें नव्हतें. आबांनीं ऐकलें होतें, आणि आबांना मीं गप्प केलें होतें. म्हणून मीं आबांचें वाक्य सांगितलें: टिपेच्या सुरानें छातीवर हात ठेवल्यासारखें झालें होतें.

त्या रात्रीं झोंप कोणालाच नव्हती. मीं आबांची पेटी खालीं काढली. ग्रामोफोन केव्हांच मोडला होता; पण तबकडीवरचें नांव वाचून नातवानें तेंच पद आपल्या मोबाइलवर शोधून काढलें. 'स्वयंवरां'तला तो यमन त्या घरांत कित्येक वर्षांनीं वाजला. पद संपलें तेव्हां तो म्हणाला, "आतां कुठें सुरू होत होतें, तोंच संपलें!" मीं त्याला समजावून सांगितलें कीं हा दोष गायकाचा नव्हे, तबकडीचा. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे कांहीं मावत नसे. रंगभूमीवर हेंच पद 'वन्स मोअर' मिळून पुनःपुन्हां, दर वेळीं नव्या फिरतीनें, चाले. साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबल्यावर अहमदजान थिरकवांसारखा वादक असे, आणि नाटकास पहांट होई. तो विचारांत पडला. मग म्हणाला, "आमच्याकडेहि असेंच झालें होतें."

मग त्यानें मला जें सांगितलें तें मला नवीन होतें. १९४८ सालीं अमेरिकेंत सावकाश फिरणारी मोठी तबकडी निघाली, व तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचें संगीत राहूं लागलें. तिच्यामुळें आमच्या ख्यालाला ऐसपैस जागा मिळाली, एवढें मला ठाऊक होतें. परंतु त्याच जागेमुळें तिकडील तरुण वादकांनाहि वाटूं लागलें कीं, तीन मिनिटांचें नाचाचें गाणें आपल्याला पुरत नाहीं. आपणहि अनेक अंगांची, लांब पल्ल्याची रचना करावी. 'येस' नांवाच्या मंडळीनें १९७२ सालीं तबकडीची एक सबंध बाजू व्यापणारें, अठरा मिनिटांहून अधिक लांबीचें 'क्लोज टु द एज' हें गाणें केलें. "ऐकतां का?" असें त्यानें विचारलें. मला केसरबाईंच्या पाकिटावरचे आंकडे आठवले. मीं होय म्हटलें.

पहिल्या वेळीं कांहीं कळलें नाहीं. आरंभीं पाणी वाहतें, पक्षी बोलतात, आणि मग एकाएकीं सारीं वाद्यें भांडूं लागतात. मीं धीर धरला. मध्यावर तो कल्लोळ शांत होतो, गाणें मंद होतें, आणि चर्चमधील मोठ्या ऑर्गनसारखा गंभीर नाद उठतो. तेथें मी सत्तर वर्षें मागें गेलों. तो आपल्या प्रार्थनागृहांतला नाद होता! पायाखालीं भाता, समोर उघडें स्तोत्रांचें पुस्तक, खिडकींतून येणारें सकाळचें ऊन. बैठकींत यमन जसा ओळखीचा निघाला होता, तसेंच हें झालें. त्या नादाचा हात धरून उरलेलें गाणें मीं ऐकलें. आवडलें असें म्हणत नाहीं. पण तें गाणें नव्हे, असें मला पुन्हां म्हणतां येणार नाहीं.

पुढील महिन्यांत आमची देवाणघेवाण चालू झाली. 'इमर्सन, लेक अँड पामर' ही त्याची दुसरी आवडती मंडळी. मुसोर्ग्स्की या रशियन रचनाकारानें आपला चित्रकार मित्र वारल्यावर त्याच्या चित्रांच्या प्रदर्शनावर १८७४ सालीं पियानोसाठीं एक रचना केली. फ्रेंच रचनाकार राव्हेल यानें १९२२ सालीं ती मोठ्या वाद्यवृंदासाठीं बांधली, आणि या तिघां तरुणांनीं १९७१ सालीं ती विजेच्या वाद्यांवर वाजविली. नातवानें प्रथम ऐकली ती शेवटची. तेथून तो स्वतःच्या पायांनीं उलट चालत राव्हेलकडे व तेथून मूळ पियानोकडे गेला. आज त्याला तिन्ही आवडतात, आणि तीं तीन निरनिराळीं कामें आहेत असें तो म्हणतो. याच तिघांनीं १९७३ सालीं आपल्या एका तबकडीचा आरंभ 'जेरुसलेम' या स्तोत्रानें केला. ब्लेक कवीच्या काव्याला पॅरी यांनीं ही चाल लाविली ती १९१६ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं भास्करबुवा 'स्वयंवरा'ला चाली देत होते त्याच वर्षीं. प्रार्थनेंतलें स्तोत्र ढोल-गिटारींच्या मांडवांत गेलें, आणि बैठकींतली बंदीश नाटकाच्या मांडवांत. दोन्ही ठिकाणीं पावित्र्य विटाळलें म्हणणारे लोक होते, आणि दोन्ही ठिकाणीं त्याच वाटेनें उलट चालत मूळ घरापर्यंत पोंचणारे श्रोतेहि होते.

एकदां त्यानें 'पिंक फ्लॉइड' मंडळीचें १९७३ सालचें पैशांविषयींचें एक गाणें लाविलें व म्हणाला, "मात्रा मोजा पाहूं." मीं मांडीवर बोटें टेकलीं. सात! तो चार आणि तीन असें मोजीत होता. माझ्या हातानें आपोआप तीन, दोन, दोन असा रूपक धरला. मी मोठ्या डौलानें समेवर येत होतों, तोंच मधल्या वादनांत ती मंडळी सात सोडून चार मात्रांच्या चालीवर गेली, आणि माझा हात हवेंत राहिला. तो इतका हंसला कीं त्याची आई वर धांवत आली.

परंतु सारें सारखेंच आहे, असें सांगून मी कोणाला फसवूं इच्छीत नाहीं. मागच्या वर्षीं मीं त्याला ख्यालाच्या बैठकीस नेलें. तो सव्वा तास बसला, मग बाहेर जाऊन चहा पिऊन आला. घरीं येतांना म्हणाला, "पुढचा भाग केव्हां येणार, याची मी वाट पाहत होतों." त्याची अडचण मला पटली. त्याच्या लांब गाण्यांत एकामागून एक दालनें उघडतात; आमच्या ख्यालांत एकच दालन असतें आणि गायक त्यांत दिवा फिरवीत राहतो. पदावर वाढलेल्या मनुष्याला ख्यालांत शब्द सांपडत नाहींत, रॉकवर वाढलेल्याला पुढचें दालन सांपडत नाहीं, आणि ख्यालावर वाढलेल्याला इतरत्र सर्वत्र घाई दिसते. एका घरांतून दुसऱ्यांत जातांना प्रत्येकाला कांहीं तरी उंबरठ्याबाहेर ठेवावें लागतें. मात्र एक शिदोरी तिन्ही घरांत चालते, ती म्हणजे थांबण्याची संवय. अठरा मिनिटें एका गाण्यापाशीं बसावयास जो शिकला, त्याला विलंबित तीनतालाच्या सोळा मात्रा परक्या वाटतील, पण असह्य वाटणार नाहींत. रात्रभर नाटकांत बसलेल्या आबांना ती संवय होती. म्हणून बाराव्या वेळीं केसरबाई ऐकावयास ते बसूं शकले.

तरुणपणीं मीं असें मानलें होतें कीं संगीत हा एक जिना आहे, खालच्या पायरीवर नाटकाचें पद, वर ख्याल. आणि वर गेल्यावर खालची पायरी काढून टाकण्यास हरकत नाहीं. थोरांचें चरित्र पाहतां तसें दिसत नाहीं. मोगूबाई कुर्डीकर बालपणीं नाटक मंडळींतून काम करीत होत्या. तेथून त्या अल्लादियाखांसाहेबांच्या शिष्यत्वास पोंचल्या. गोविंदराव तर आयुष्यभर त्या रस्त्यावर दोन्ही दिशांनीं चालत राहिले. तो जिना नव्हता, रस्ता होता. आणि आबा, मी व माझा नातू त्या रस्त्यावर निरनिराळ्या टोकांकडून निघालेलीं तीन माणसें होतों. त्यांतील एकानें दुसऱ्याची वाट अडविली, एवढाच माझा अपराध. तो लहान नव्हे.

नातू पुन्हां बैठकीस येईल कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं. येईन म्हणाला आहे. मी मात्र परत गेलों आहें. रोज दुपारीं, आबांच्या वेळेला, मी मोबाइलवर नाटकाचीं पदें लावतों. वरच्या खोलींत गिटार वाजत असली तर आपला आवाज थोडा कमी करतों.

शाळेंत आज जीं मुलें आहेत त्यांच्या कानांत कोणतें गाणें वाजत असेल, याची मला कल्पना नाहीं. कल्पना असती तरी कदाचित् तें मला आवडलें नसतें. त्यांना माझी एकच विनंती आहे. घरीं वडील किंवा आजोबा एखादें जुनें गाणें लावीत असतील, तर उठून जाण्यापूर्वीं एकदां सबंध ऐका. कळलें नाहीं तर कागदावर तसें लिहून ठेवा, आणि पुढें आंकडे घालण्यासाठीं थोडी जागा सोडा.